विश्लेषण : ऐकू येते, पण पोहोचत नाही! गाडीवरच्या छोट्या ‘एचएफ’ अँटेनाचे गणित काय?

उपग्रह फोन आणि उपग्रह इंटरनेटच्या काळातही अनेक देशांची लष्करे आणि मदत यंत्रणा हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजेच ‘एचएफ’ रेडिओ जपून आहेत. मात्र हा रेडिओ धावत्या गाडीवर बसवायचा म्हटले, की खरी अडचण रेडिओ संचाची नसते, अँटेनाची असते. १०० वॉटचा संच बसवूनही हवेत जेमतेम दोन वॉट जाऊ शकतात आणि मीटरवर मात्र सारे आलबेल दिसते. हे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा वेध.

एचएफ रेडिओ पुन्हा चर्चेत का?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याच पहाटे ‘व्हायासॅट’ कंपनीच्या ‘केए-सॅट’ या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला काहीच झाले नाही, पण जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण संपर्कही त्यात तुटला. त्याआधी १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या बेटराष्ट्राजवळ समुद्रातील ज्वालामुखीचा उद्रेक झाला, समुद्राखालची केबल तुटली आणि अख्खा देश काही आठवडे जगापासून जवळपास तुटला. अलीकडे, २४ जुलै २०२५ रोजी, ‘स्टारलिंक’ची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली. कारणे निरनिराळी, पण धडा एकच : ज्या संपर्कव्यवस्थेचा कणा एखाद्या कंपनीच्या, केबलच्या किंवा उपग्रहाच्या हाती असतो, ती एका फटक्यात कोसळू शकते.

एचएफला असा कणा लागत नाही. ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी आयनांबर या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून वळून पुन्हा जमिनीवर येतात. त्यामुळे मधे टॉवर, केबल वा उपग्रह नसतानाही शेकडो ते हजारो किलोमीटर संपर्क होतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमान-निकोबारचे नेहमीचे दळणवळण कोलमडले असताना भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील या पथकाने एचएफ संचांवरून निरोपांची ने-आण केली. संयुक्त राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या पांढऱ्या गाड्यांच्या पुढच्या बंपरवर दिसणारा जाडसर, उंच दांडा हा याच रेडिओचा अँटेना असतो.

गाडीवर हा अँटेना बसवणे अवघड का?

कारण लहर मोठी आणि गाडी छोटी. अँटेनाची सोयीची लांबी तरंगलांबीवर ठरते. उभ्या दांड्यासारखा अँटेना नीट काम करण्यासाठी तो तरंगलांबीच्या साधारण पाव हिस्सा लांब असावा लागतो. पोलिसांच्या गाडीवरील व्हीएचएफ रेडिओला त्यासाठी अर्धा मीटर पुरतो. एचएफमध्ये मात्र २८ मेगाहर्ट्झला सुमारे अडीच मीटर, १४ मेगाहर्ट्झला पाच मीटरहून थोडा अधिक, ७ मेगाहर्ट्झला साडेदहा मीटर आणि ३.५ मेगाहर्ट्झला तब्बल २१ मीटर, म्हणजे सातमजली इमारतीएवढा दांडा लागतो.

रस्त्यावर हे शक्य नाही. झाडाच्या फांद्या, पूल, गावातल्या विजेच्या तारा आणि रेल्वे फाटकावरची २५ हजार व्होल्टची वाहिनी यांच्याखालून गाडी न्यायची असते. त्यामुळे व्यवहारात दोन ते तीन मीटरचा दांडा, फार तर पाच मीटरचा लवचीक ‘व्हिप’ एवढीच मुभा मिळते. २१ मीटरचे काम अडीच मीटरमध्ये करवून घ्यायचे, हाच गाडीवरील एचएफ अँटेनाचा मूळ प्रश्न आहे.

१०० वॉटचे दोन वॉट कसे होतात?

अँटेनात गेलेली वीज दोन प्रकारे खर्च होते. काही भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेला तारेत, कॉइलमध्ये आणि गाडीखालच्या जमिनीत उष्णता होऊन वाया जातो. बाहेर पडणाऱ्या भागाला अभियंते ‘प्रारण रोध’ या काल्पनिक रोधाने मोजतात. पाव तरंगलांबीच्या पूर्ण दांड्याचा प्रारण रोध सुमारे ३६ ओहम असतो. दांडा आखूड केला, की हा आकडा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो. २.४ मीटरच्या, म्हणजे आठ फुटी दांड्याचा प्रारण रोध १४ मेगाहर्ट्झला सुमारे पाच ओहम, ७ मेगाहर्ट्झला सव्वा ओहम आणि पावणेचार मेगाहर्ट्झला जेमतेम एक तृतीयांश ओहम उरतो.

दुसरीकडे, आखूड दांडा विजेच्या दृष्टीने एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. त्याला सुरात आणायला मोठी कॉइल लावावी लागते. चांगल्या दर्जाची, जाड तारेची कॉइलही पावणेचार मेगाहर्ट्झला आठ-नऊ ओहम गिळते. गाडीचा पत्रा आणि खालची जमीन यांतील नुकसान जवळपास तेवढेच. म्हणजे एकूण १७ ओहमांपैकी कामाचा एक तृतीयांश ओहम. कार्यक्षमता सुमारे दोन टक्के. १०० वॉटपैकी दोन वॉट हवेत, बाकीचे ९८ कॉइलमध्ये आणि जमिनीत. हाच ढोबळ हिशोब ७ मेगाहर्ट्झला १२ टक्क्यांच्या आसपास आणि १४ मेगाहर्ट्झला ५० टक्क्यांच्या आसपास जातो. दांडा तोच, संच तोच, पण पट्टा बदलला की निकाल पंचवीसपट बदलतो.

याच हिशोबाची आणखी एक बाजू सुरक्षिततेची आहे. पावणेचार मेगाहर्ट्झला १०० वॉट सोडले, की या कॉइलवर चार हजार व्होल्टहून अधिक दाब तयार होतो. बोलणे सुरू असताना गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात दांड्याला लागला, तर भाजते. म्हणून दांडा माणसाच्या सहज हाती लागणार नाही अशा जागी बसवणे आणि बोलण्यापूर्वी बाहेर नजर टाकणे हे नियम चालकाने पाळायचे असतात.

ऐकू येते, मग पोहोचत का नाही?

गाडीवरील एचएफची सर्वांत फसवी बाब हीच. एचएफच्या खालच्या पट्ट्यांत विजांचा आणि शहरी विद्युत उपकरणांचा खरखराट मुळातच मोठा असतो. अँटेना सदोष असला तर येणारा आवाज आणि खरखर दोन्ही सारखीच कमी होतात. त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. संचाचा आवाज थोडा वाढवला की पलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. प्रक्षेपणात मात्र अशी सूट नाही. तिथे दोन टक्के म्हणजे दोनच टक्के. परिणामी मुख्यालयाच्या सूचना गाडीत व्यवस्थित ऐकू येतात, पण गाडीचे उत्तर मुख्यालयात पोहोचत नाही. गाडीतल्या माणसाला वाटते, पलीकडचा उत्तर देत नाही. पलीकडच्याला वाटते, गाडी बंद आहे. शोध आणि बचावकार्यात ही गफलत जिवावर बेतू शकते.

त्यात भर घालते ती एसडब्ल्यूआर मीटरची सुई. संचाला अपेक्षित असलेल्या ५० ओहमांशी अँटेना किती जुळतो, हे हा मीटर दाखवतो. तो कार्यक्षमता दाखवत नाही. पावणेचार मेगाहर्ट्झला एखादा आठ फुटी दांडा कोणत्याही जुळणीशिवाय थेट ५० ओहम दाखवत असेल, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. त्या ५० पैकी प्रारणाचा वाटा एक तृतीयांश ओहमच असतो; उरलेले सारे नुकसान आहे. म्हणजे कार्यक्षमता एक टक्क्याहूनही कमी. उलट, चांगला बनवलेला अँटेना पायथ्याशी १५-२० ओहमच दाखवतो आणि त्याला ५० शी जुळवण्यासाठी छोटी जुळणी कॉइल लावावी लागते. आदर्श एसडब्ल्यूआर हवा असेल तर तो साध्या ५० ओहमच्या रोधकालाही मिळतो. त्यातून निरोप मात्र जात नाही.

आराखड्यात नेमके काय बदलता येते?

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लांबी. दांडा दीडपट केला की प्रारण रोध सव्वादोन पट होतो आणि लागणारी कॉइलही लहान होते. लांबी वाढवता येत नसेल, तर दांड्याच्या वरच्या भागात छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या तारा लावतात. त्याला ‘कपॅसिटी हॅट’ म्हणतात. त्यामुळे दांड्याच्या टोकापर्यंत प्रवाह टिकून राहतो आणि कॉइलचे वेढे कमी लागतात. वाऱ्याचा जोर आणि फांद्यांची धडक हा त्याचा तोटा.

दुसरा प्रश्न कॉइलच्या जागेचा. कॉइल तळाशी ठेवली तर दांडा हलका आणि मजबूत राहतो, पण प्रवाह वर जाताना झपाट्याने घटतो. कॉइल मध्यावर नेली, तर तिच्या खालच्या दांड्यात प्रवाह जवळपास सारखा राहतो आणि प्रारण रोध साधारण दुप्पट होतो. मात्र त्यासाठी कॉइलही सुमारे दुप्पट मोठी लागते आणि तिचे नुकसानही वाढते. म्हणून मध्यावर हलक्या दर्जाची कॉइल लावण्यापेक्षा तळाशी जाड तारेची, रुंद वेढ्यांची चांगली कॉइल बरी. बारीक नळीवर पातळ तार गुंडाळून बनवलेले सडपातळ अँटेना दिसायला देखणे असतात, पण खालच्या पट्ट्यांत त्यांची कार्यक्षमता एक टक्क्यापर्यंत खाली येते.

तिसरा मुद्दा वारंवारिता बदलण्याचा. चालत्या गाडीत चालक खाली उतरून कॉइल बदलू शकत नाही. यावर अमेरिकेतील हौशी रेडिओचालक डॉन जॉन्सन यांनी एक साधी युक्ती लोकप्रिय केली. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरच्या छोट्या मोटरने कॉइल नळीतून वर-खाली सरकवायची आणि जेवढे वेढे हवे तेवढेच वापरात आणायचे. ‘स्क्रूड्रायव्हर अँटेना’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. मदत संस्था आणि लष्करांच्या गाड्यांवर दिसणारे स्वयंचलित ट्यूनिंगचे व्हिप हेच काम पायथ्यातील रिले व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने काही सेकंदांत करतात. ट्यूनर वापरायचा असेल तर तो दांड्याच्या पायथ्याशीच हवा. डॅशबोर्डखाली ठेवून मधे लांब केबल टाकली, तर केबलच वीज खाते.

चौथी बाब सर्वाधिक दुर्लक्षित, ती म्हणजे गाडी स्वतः. दांडा हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो. दुसरा अर्धा गाडीचा पत्रा. बॉनेट, दारे, डिकी, सायलेन्सरची नळी हे भाग बिजागऱ्या, रबर आणि रंगाच्या थरांमुळे एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने सुटे असतात. ते रुंद तांब्याच्या वेणीने चॅसिसला जोडले, की नुकसान कमी होते आणि इंजिनाची खरखरही घटते. छताच्या मध्यावरची जागा सर्वोत्तम, पण तिथे उंचीची मर्यादा आड येते; बंपरवर लांबी मिळते, पण दांड्याचा खालचा भाग गाडीच्या पत्र्याला चिकटून जातो आणि त्याचा प्रभाव कमी होतो. चुंबकावर चिकटवलेला तळ व्हीएचएफला चालतो, एचएफच्या खालच्या पट्ट्यांना तो अपुरा पडतो.

‘लूप’ किंवा नवे ‘चमत्कारी’ अँटेना हा उपाय आहे का?

दांड्याऐवजी धातूच्या जाड नळीचे कडे करून त्याला कपॅसिटर जोडला, की ‘मॅग्नेटिक लूप’ तयार होतो. तो उंच नसतो, गाडीच्या छतावर मावतो आणि त्याला जमिनीची गरज कमी असते. पण हिशोब इथेही सुटत नाही. एक मीटर व्यासाच्या लूपचा प्रारण रोध ७ मेगाहर्ट्झला एका ओहमच्या हजार भागांपैकी सहा भाग एवढाच असतो. २२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे नुकसान त्याच्या पाचपट. म्हणजे सांधे आणि कपॅसिटर निर्दोष असतील, तरी कार्यक्षमता जास्तीत जास्त १५ टक्क्यांच्या आसपास. १०० वॉटला कड्यातून ५० अँपिअरच्या घरात प्रवाह वाहतो, कपॅसिटरवर साडेपाच हजार व्होल्टपर्यंत दाब येतो आणि वापरता येणारा पट्टा जेमतेम पाच किलोहर्ट्झचा उरतो. पावसाळी हवेत गंजलेला एक सांधाही सारी मेहनत पाण्यात घालतो.

दर काही वर्षांनी ‘हातभर लांबीचा, सर्व पट्ट्यांवर चालणारा’ अँटेना बाजारात येतो. असे दावे तपासण्याचे मोजमाप जुने आहे. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लॅन जेन चू यांनी १९४८ मध्ये छोट्या अँटेनांच्या मूलभूत मर्यादा मांडल्या. त्यांचा सारांश असा : छोटा आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद पट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणत्या तरी दोन निवडाव्या लागतात. अगदी छोटा अँटेना रुंद पट्ट्यावर सहज जुळत असेल, तर तो बहुतेक वीज उष्णतेत घालवत आहे, असेच समजावे.

डोंगरापलीकडचा ‘मुका पट्टा’ म्हणजे काय?

उभा दांडा आपली बहुतेक शक्ती क्षितिजाच्या दिशेने फेकतो. डोक्यावर, आकाशाकडे तो जवळपास काहीच पाठवत नाही. क्षितिजाकडे गेलेली लहर जमिनीलगत काही दहा किलोमीटर जाते आणि डोंगराळ मुलखात त्याहूनही लवकर विरते. आकाशमार्गे गेलेली लहर आयनांबरावरून वळून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात काहीच पोहोचत नाही. गाडी परराज्यातील केंद्राशी बोलू शकते, पण शंभर किलोमीटरवरच्या जिल्हा मुख्यालयाशी नाही, असा विचित्र प्रसंग त्यामुळे उद्भवतो.

महाराष्ट्राची गरज नेमकी या मधल्या अंतराची आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली होती. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. चिपळूण ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात तुटते. तिथून गडचिरोली शहर सरळ रेषेत सुमारे १०० आणि नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ही सर्व ठिकाणे साध्या उभ्या दांड्याच्या मुक्या पट्ट्यात येण्याची शक्यता मोठी.

यावरचा मार्ग म्हणजे लहर जवळपास सरळ वर पाठवायची आणि ती छत्रीसारखी खाली उतरवायची. दुसऱ्या महायुद्धापासून लष्करे हे तंत्र वापरत आली आहेत. गाडीवरचा लांब व्हिप मागे किंवा पुढे वाकवून दोरीने आडवा बांधला, की वर जाणारा भाग वाढतो आणि तीन-चारशे किलोमीटरपर्यंतचा प्रदेश, डोंगर असोत वा दऱ्या, आवाक्यात येतो. आडवा व्हिप जमिनीच्या जवळ असल्याने त्याची कार्यक्षमता कमीच राहते. म्हणून गाडी थांबल्यावर दोन झाडांना किंवा बांबूंना तीन-चार मीटर उंचीवर लांब तार आडवी बांधणे हा कितीतरी सरस उपाय ठरतो. धावताना दांडा, थांबल्यावर तार ही जुनी लष्करी शिस्त आजही तितकीच उपयोगी आहे.

सौरचक्राचा याच्याशी काय संबंध?

सरळ वर पाठवलेली लहर परत येण्यासाठी तिची वारंवारिता आयनांबराच्या क्षमतेपेक्षा कमी असावी लागते, आणि ही क्षमता सूर्यावर अवलंबून असते. भारताचे भौगोलिक स्थान याबाबत अनुकूल आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्या परिणामाने आयनांबराचा दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास तयार होतो. त्यामुळे महाराष्ट्रात दिवसा ७ मेगाहर्ट्झवर जवळपासचा संपर्क सहसा चांगला होतो. पहाटेपर्यंत मात्र क्षमता घसरते आणि ३ ते ४ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते.

सध्याचे २५वे सौरचक्र कमाल टप्प्यात आल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नासा’ आणि अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थांनी जाहीर केले होते. त्याच वर्षी १० मे रोजीच्या तीव्र सौरवादळात अनेक भागांत एचएफ संपर्कही विस्कळीत झाला. आता पुढील काही वर्षे सूर्य शांत होत जाईल. वादळे कमी होतील, पण वरचे पट्टे हळूहळू कमकुवत होतील आणि रात्रीचा संपर्क अधिकाधिक खालच्या पट्ट्यांवर सरकेल. म्हणजे जिथे छोटा अँटेना १२ ऐवजी दोनच टक्के काम करतो, नेमक्या तिथे. आज दिवसाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी चार वर्षांनी पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नापास होऊ शकते.

लष्करांपुढचा पेच वेगळा का?

कारण त्यांना अँटेना लपवायचाही असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या कमांड गाड्यांवर खाटेच्या चौकटीसारखा मोठा अँटेना असे. तो उपयुक्त होता, पण त्यावरून सेनाधिकाऱ्याची गाडी दुरूनच ओळखू येई. पुढे त्याची जागा तुलनेने कमी डोळ्यांत भरणाऱ्या ताराकृती अँटेनाने घेतली. ड्रोनच्या युगात ही ओळख अधिकच धोक्याची झाली आहे.

दुसरा पेच वेगाचा. एचएफवर बोलण्यासाठी तीन किलोहर्ट्झचा पट्टा पुरतो, पण आता नकाशे, छायाचित्रेही पाठवायची असतात. अमेरिकी लष्करी मानकांच्या नव्या आवृत्तीत ४८ किलोहर्ट्झ रुंदीपर्यंतचा पट्टा आणि सेकंदाला २४० किलोबिटपर्यंतचा वेग गृहीत धरला आहे. खालच्या पट्ट्यांत मात्र आखूड, कार्यक्षम व्हिपला एवढी रुंदी झेपणे कठीण. पट्टा रुंद करायचा तर मुद्दाम नुकसान वाढवावे लागते, आणि नुकसान वाढले की पल्ला घटतो. व्हीलर आणि चू यांची मर्यादा रणगाड्यालाही लागू होतेच.

नव्या, विजेवरच्या गाड्यांमुळे काय बदलेल?

विद्युत वाहनांतील इन्व्हर्टर आणि चार्जर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. त्यातून निर्माण होणारी खरखर मध्यमलहरींपासून एचएफपर्यंत पसरते. टेस्ला, बीएमडब्ल्यू यांनी विद्युत गाड्यांतून एएम रेडिओ काढला तो याच कारणाने. फोर्डनेही २०२३ मध्ये तसा निर्णय घेतला होता. अमेरिकेत आपत्कालीन सूचनांसाठी एएम आवश्यक असल्याची ओरड झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला. एचएफ संच बसवलेल्या गाडीत या खरखरीमुळे ‘ऐकू येते’ हा निम्मा दिलासाही हिरावला जातो. काचेची छते आणि प्लास्टिकचे भाग वाढल्याने अँटेनाला लागणारा पत्राही कमी होत आहे. त्यामुळे आपत्ती निवारणासाठी गाडी निवडतानाच रेडिओचा विचार करावा लागेल. गाडी घेतल्यावर दांडा बसवू, हा क्रम महागात पडतो.

खरेदी करताना आणि वापरताना काय विचारावे?

संचाचे वॉट आणि अँटेनाचा एसडब्ल्यूआर या दोन आकड्यांवर निर्णय घेणे पुरेसे नाही. वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वारंवारितेवर, प्रत्यक्ष त्याच गाडीवर बसवलेल्या अवस्थेत, किती शक्ती हवेत जाते याची तुलनात्मक चाचणी मागितली पाहिजे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून ठरावीक अंतरावर क्षेत्रतीव्रता मोजली आणि त्याच ठिकाणी पूर्ण लांबीच्या अँटेनाशी तुलना केली, तरी वस्तुस्थिती समोर येते. दोन टक्क्यांचे चार टक्के करणे म्हणजे १०० वॉटच्या जागी २०० वॉटचा संच घेण्यासारखेच आहे. फरक एवढाच, की जाड कॉइल आणि तांब्याच्या वेण्या मोठ्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात आणि गाडीची बॅटरीही शोषत नाहीत.

चाचणी दिवसाबरोबर रात्री आणि पहाटेही व्हायला हवी. तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतचे अंतर गृहीत धरून व्हावी, केवळ दूरच्या केंद्राशी नव्हे. ऐकू आले याची नोंद पुरत नाही. आपला निरोप पलीकडे उतरला का, याची नोंद हवी. प्रत्येक गाडीत आडव्या अँटेनासाठी तारेचे वेटोळे, दोरी आणि ती बांधण्याचा सराव असलेला माणूस हवा. भारतात एचएफ प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि हौशी परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे असा माणूस आयत्या वेळी मिळत नाही, तो आधी तयार करावा लागतो.

उपग्रह सेवा स्वस्त होत जातील आणि रोजच्या कामासाठी त्याच वापरल्या जातील, यात शंका नाही. एचएफची गरज त्या बंद पडलेल्या दिवसापुरती आहे. पण त्या दिवशी गाडीवरचा दांडा दोन टक्के काम करतो की दहा, हे आपत्तीच्या आधी कुणीतरी मोजलेले असावे लागते.